पुढे ढकलायची गोळी

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज नुसता धिंगाणा! गणपती परवा, गौरी रविवारी, आणि अख्ख्या बदलापूरच्या बायकांची पाळी म्हणे याच आठवड्यात येणार. सकाळी मेडिकलचं शटर पूर्ण वर जायच्या आत दोघी उभ्या. "ताई, ती पुढे ढकलायची द्या ना." गोळी हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. पाळी तर नाहीच नाही. नुसतं 'पुढे ढकलायची'. आवाज खाली, नजर डायपरच्या पाकिटांकडे. मी कागदात गुंडाळून देते, वर काळी पिशवी. जणू काय चरस विकतेय!

उल्हासनगरचा भूपेश, होलसेलवाल्यांचा सेल्समन, शुक्रवारीच खोकं टाकून गेला होता. "मॅडम, गणपती सीझन का माल है, कम मत रखो." दिवाळीला फटाके तसा गौरीला हा माल. आमच्या घरी असलं काही नसतं. बुद्धवंदनेला बसताना कोणी पाळी विचारत नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "शिवू नको म्हणणाऱ्यांच्यातून सुटायला केवढं केलं आपण, आणि या बाया स्वतःलाच शिवू नको म्हणतात!"

सुरुवातीला मी प्रत्येकीला विचारत होते. बीपी आहे का, अंगावर पाजता का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का. तिसऱ्या बाईला हेमंतशेठ मागून — "रोहिणी, तू डॉक्टर व्हायला हवी होतीस. झाली नाहीस ना? मग माल काढ. रांग बघ." दुकान त्यांचं. भिंतीवरच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं. मग मीही एकच प्रश्न ठेवला — कधी आहे? रविवार म्हणाली की सांगायचं, तीन दिवस आधीपासून घे. पुढची या!

दुपारी बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक आली. कमरेवर पोर, हातात रिकामी पिशवी. "ताय, पुढं ढकलायची गोली." कधी आहे? "आयतवारी." मग आधीपासून घे, म्हटलं. दिलं पाकीट. तीच एकटी दिवसभरात सरळ माझ्याकडे बघून बोलली, म्हणून लिहिलं.

पाय सुजलेत.

२७ ऑगस्ट, बुधवार

अर्धा दिवस सुट्टी. शेठच्या घरून मोदकांचा डबा. राजरत्नने निम्मे एका बैठकीत संपवले. "देवाशी आपलं काही नाही, मोदकाशी भांडण कशाला?" म्हणाला. नवरा कसला, अस्सल खादाड!

१ सप्टेंबर, सोमवार

कुळगावच्या एक काकू भांडायला आल्या. "तुमची गोळी घेऊनसुद्धा आली! ऐन गौरी घरात यायच्या वेळी! सुनेला बाहेर बसवावं लागलं, सगळा स्वयंपाक माझ्या गळ्यात!" मी जणू स्वतः पाठवली होती पाळी. विचारलं, सुरू कधी केली? तर आदल्या रात्री. तीन दिवस आधी सांगितलं होतं ना? "त्या गर्दीत काय डोंबल ऐकू येतं!"

शेठ हसत होते. मीही हसले. काकूंना एक ओआरएसचं पाकीट फुकट दिलं तेव्हा शांत झाल्या. ओआरएस का दिलं ते मलाही माहीत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चिखलोलीच्या नव्या टॉवरमधली एक मुलगी आली. केसांना रंग, कानात ते वायर नसलेलं. ठसक्यात म्हणाली, "इमर्जन्सी पिल." बरं वाटलं! सांगितलं, लवकर घे, उलटी झाली तर परत ये, ही नेहमी घ्यायची नाही. नीट ऐकलंन. नेहमीची कुठली घेऊ, म्हणून विचारलंन. मी तोंड उघडणार तोच शेठ खाकरले. "त्याला डॉक्टरकडे जा." गेली मुलगी.

संध्याकाळी राजरत्न मोबाइलवर वाचून दाखवत होता. बाहेरच्या काही देशांत आता माझ्यासारख्या फार्मासिस्ट बायका थेट लिहून देतात म्हणे, पाळणा लांबवायच्या गोळ्या. डॉक्टर मध्ये नाही. पण आधी समोर बसवतात. वीस प्रश्न, बीपी, आजार, सगळं बघायचं, मग द्यायचं. आमच्याकडे लिहून देणं डॉक्टरचं, काढून देणं आमचं, आणि विचारणं कुणाचंच नाही. बाई काय ऐकून आली, आम्ही काय ऐकलं, त्यावर सगळं चालू. राजरत्न म्हणाला, "तू दे की लिहून, घाबरतेस कुणाला?" याला काय जातंय सांगायला! कंपनीत बॉयलरशेजारी उभं राहून मोठ्या गप्पा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच दिवशी. पांढरी साडी नेसले. दिवसभर कुणाला काही विकलं नाही. किती छान वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

अकराच्या सुमाराला पाड्यावरची ती बाई आली. मी ओळखलं नाही आधी. तिने कनवटीतून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. औषधाचं नाव वाचता येत नाही तेव्हा सगळे असंच करतात, रिकामं पाकीट दाखवायचं. यात एक गोळी शिल्लक होती. "ताय, ही चार पाकिटं दे. ट्रक येनार गुरवारी. भट्टीवर मेडिकल नाय."

वीटभट्टीवर जाणारेत. दिवाळीनंतर जातात ही माणसं, पावसाच्या तोंडावर परत. बघितलं तर गोळी पाळी पुढे ढकलायची. चार पाकिटं! मी म्हटलं, अगं, एवढी पूजा कुठली आहे तुझ्याकडे?

"पूजा कसली?"

मग हे कशाला?

ती हसली. मलाच वेड्यात काढल्यासारखी. "तूच दिलीस ना. पुढं ढकलायला. मूल."

मागे शेठ फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. मी तिला बाजूला, वजनकाट्याजवळ घेतलं. तिचं नाव तुळशी. नवरा चांगो. पावसाळ्यात तो भिवंडीला गोदामात हमाली करतो आणि फक्त रविवारी घरी येतो. 'कधी आहे?' मी विचारलं होतं. 'आयतवारी.' ती नवऱ्याबद्दल बोलत होती! मी गौरीबद्दल! मी म्हटलं होतं आधी घे, म्हणून ती दर रविवारी सकाळी एक घेत होती. इमानाने. एकच रविवार राहिला, भात कापायच्या गडबडीत. ती उरलेली गोळी.

"लई बरी गोली हाय ताय. पैल्यांदा आली पाली. मग गोली लागू पडली. दोन म्हैने आलीच नाय."

आता मी काय करू? काय करू मी?

पाळणा लांबवायचा तर आशाताई फुकट गोळ्या देते ना गं, म्हटलं. तर आशाताई चांगोची चुलत बहीण. तिला कळलं की पाड्याला कळलं. म्हणून ही बाई एवढ्या लांब टमटममधून माझ्याकडे आली. अनोळखी दुकान, कुणी काही विचारणार नाही म्हणून. आणि कुणी विचारलं नाही!

आणि मूल पुढे का ढकलायचं होतं? दोन शिजर, म्हणजे सिझेरियन, झालीत. पहिली पोरगी, ती कमरेवरची. दुसरा मुलगा गेल्या डिसेंबरात झाला, आठवड्यात गेला. डॉक्टरने निघताना सांगितलं होतं, दोन-तीन वर्षं अजिबात नको, आतले टाके ओले आहेत, फाटतील. तुळशीने शब्दन् शब्द लक्षात ठेवलाय. तिला बंद नको होतं. तिला फक्त पुढे ढकलायचं होतं. जे हवं होतं ते तिने बरोब्बर सांगितलं.

तपासणीची पट्टी दिली. सोमवारी सकाळची करून आण, म्हटलं. पैसे घेतले नाहीत. तिने हट्टाने ठेवले.

९ नोव्हेंबर, रविवार

शेठना सांगितलं. आधी चेहरा उतरला, मग लगेच चढला. "तू पाकीट दिलंस हे कुठे लिहिलंय? बिल केलं होतंस? नाही ना. मग संपलं." मी म्हटलं, संपलं कुठे, आता सुरू झालंय. "रोहिणी, आपण दुकानदार. बाईने जे मागितलं ते दिलं. तिने सांगायला नको का नीट?"

तिने नीटच सांगितलं होतं हे त्यांना चारदा सांगितलं. चारही वेळा म्हणाले, "तेच तर!" काय तेच तर? भिंतीवर डोकं आपटावं असं झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोन रेघा. तुळशीने पट्टी पळसाच्या पानात गुंडाळून आणली होती. "दोन आल्या. चांगलं ना?"

सांगितलं तिला. खरं, सगळं, जेवढं जमेल तेवढ्या सोप्या भाषेत. ती गोळी मुलाची नव्हती गं, पाळीची होती. चूक माझी झाली. तुला वेगळी द्यायला हवी होती. पाळी गोळीने थांबली नाही, मूल राहिलं म्हणून थांबली.

"नाय ताय, तुजी काय चूक? माजाच येक आयतवार चुकला."

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. "पाली थांबली तर मूल कुठनं येल? ज्या आयतवारी घेतली नाय तवाच आलं बग." तिच्या हिशेबात सगळं बसतंय! माझ्या हिशेबापेक्षा नीट बसतंय. मी दुकानात उभी राहून रडले आणि तीच माझी समजूत घालत होती. पोरगी माझ्या ओढणीला धरून चघळत होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तुळशीला मागच्या गल्लीतल्या मीना मॅडमकडे नेलं. छोटं हॉस्पिटल आहे, बाई चांगली आहे, ओरडत नाही. सोनोग्राफी केली. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. बाहेर आल्यावर आम्हा दोघींना समोर बसवून बोलल्या. गर्भ खूप खाली, जुन्या टाक्याच्या जवळ बसलाय. मला आवडत नाहीये हे. आत्ता काढलं तर सोपं आहे. ठेवलं तर रक्तस्राव, पुढे पिशवी फाटणं, काहीही होऊ शकतं. वीट उचलणं तर विसरच.

"काढायला नवऱ्याची सही लागत नाही, बरं का. कायद्याने तुझी एकटीची पुरते," मॅडम म्हणाल्या.

"मना सही नाय येत."

"मग अंगठा."

तुळशीने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. जणू पहिल्यांदाच दिसला. "घरी इचारते," म्हणाली.

उद्या मीच जाते तिच्याकडे. परवा ट्रक.

१२ नोव्हेंबर, बुधवार

राजरत्नने सुट्टी टाकली, स्कूटरवरून गेलो. धरणाच्या बाजूने रस्ता चांगला आहे, पाड्याचा फाटा आला की दगडच दगड. चांगो अंगणात ताडपत्री गुंडाळत होता. बाजूला भांड्यांची गोणी, टोपलीत दोन कोंबड्या. सगळं बांधून तयार. भात झोडून झालेलं, पेंढा छपरावर.

मला वाटलं होतं भांडण होईल. नवरा हाकलून देईल. मी मनात उत्तरंही तयार करून गेले होते. पण चांगो भला माणूस निघाला. तो तर मला अजूनच अवघड गेला. गोणपाट अंथरलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाई, तिला काय व्हयाचं नाय ना?"

होऊ शकतं, म्हटलं. जीवही जाऊ शकतो.

त्याने तुळशीकडे बघितलं. "तू सांग. मी काय बोलनार नाय."

सासू विठा दारात बसली होती, तांदूळ निवडत. "आमाला नव्हती शिजरं नि फिजरं. रानात बाळंत होत होतो," एवढंच बोलली. तिच्या बोलण्यात रागही नव्हता.

तुळशीने पोरीचं नाक पदराने पुसलं. मग म्हणाली, "ताय, मना मूल नको नवतं. मना आता नको होतं. पन आला ना तो. जो गेला त्याला मी कवा नको म्हनलं नवतं, तरी गेला. ह्याला नको म्हनलं तर ह्यो परत येल का?"

मी तिला घाबरवलं. हो, मुद्दाम घाबरवलं! पोरगी आईवेगळी होईल म्हटलं. तिने पोरीला जवळ ओढलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. निदान भट्टीवर जाऊ नको, म्हटलं. त्यावर चांगोने तोंड उघडलं — भट्टीवर जोडीला काम असतं, एकट्याला उभं करत नाहीत. "पन मी तिला इटा उचलू देनार नाय. तिनं नुस्तं बसून चिखल मलायचा. शप्पत."

माझा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घातला. पोटात दुखलं, एक थेंब रक्त दिसलं, तरी फोन. दोघांकडून वदवून घेतलं. निघताना तुळशीने शेवग्याच्या शेंगांची जुडी हातात दिली. नको म्हणता येईना.

परतीच्या वाटेवर राजरत्न नुसते खड्डे चुकवत होता. मला त्याचाही राग आला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रक गेला असेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आता मी प्रत्येकीला विचारते. काय पुढे ढकलायचं, पाळी की मूल? अगदी स्पष्ट, मोठ्याने. आज एक बाई लालेलाल झाली. सोबत सासरा होता. "काही नको, क्रोसिन द्या," म्हणाली आणि गेली. समोरच्या मेडिकलमध्ये शिरताना दिसली.

मी एक पाटीही केली होती. खोक्याचा पुठ्ठा, वर मार्करने — 'पाळी थांबवायची गोळी घेतल्याने मूल राहणं थांबत नाही.' शेठनी दुपारपर्यंत राहू दिली. मग काढून आत ठेवली. "घरातली माणसं येतात दुकानात, रोहिणी." बाकीचे कुठून येतात? आकाशातून?

चांगोला फोन केला. कर्जतच्या पुढे कुठेतरी आहेत. "बरी हाय," म्हणाला. मागून तुळशीचा आवाज, "ताय रडते का अजून?"

६ डिसेंबर, शनिवार

पहाटे दादरला गेलो, चैत्यभूमीला. रांगेत तासन् तास. एरवी मी तिथे मन मोकळं करून येते. आज डोक्यात एकच — आपण शिकलो कशासाठी?

१४ जानेवारी २०२६, बुधवार

संक्रांत. शेठनी तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाले. मीही बोलले गोड.

चांगोचा फोन लागत नाही दोन दिवस.

१९ जानेवारी, सोमवार

दुपारी फोन. अनोळखी नंबर. चांगो. आधी नुसता श्वास ऐकू येत होता. मग, "बाई, लई रगत गेलं."

टेम्पोतून जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पाठवलं. सकाळपासून दुखत होतं म्हणे. तिने सांगितलं नाही. भट्टी पेटवायचा दिवस होता. चांगोने खरंच तिला वीट उचलू दिली नव्हती. त्याने चारदा सांगितलं मला ते. "मी उचलू दिली नाय बाई. येक पन नाय." मी म्हटलं, हो चांगोदादा, मला माहितीय.

रक्त लागणार आहे. राजरत्न आणि त्याच्या कंपनीतले दोघे आत्ताच गेले द्यायला. मी स्वयंपाक केला. कुणी जेवलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

तुळशी आहे. मूल नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

मीना मॅडमना कागद दाखवले. त्यांनी समजावून सांगितलं. वार जुन्या टाक्यात रुजली होती, सुटेना, रक्त थांबेना. गर्भपिशवी काढावी लागली. "दुसरा इलाजच नव्हता. वाचली हेच नशीब." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "रोहिणी, तू स्वतःला खाऊ नकोस. तू तिला माझ्याकडे आणलंस तरी. किती जणी पोचतच नाहीत."

आणलं मीच. आणि पाठवलंही मीच होतं, ऑगस्टमध्ये, काळ्या पिशवीतून. एका शब्दाचा घोळ! मी अजून एक प्रश्न विचारला असता. एकच. अर्ध्या मिनिटाचं काम. रांग अर्धा मिनिट थांबली असती.

१ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलमधून तिला घरी आणलंय, म्हणून पाड्यावर गेले. खाटेवर पडून होती, पांढरीफटक. पोरगी पायाशी खेळत होती. विठाने मला बघून पदर डोळ्याला लावला. त्या दिवशी तांदूळ निवडत होती तीच बाई. आज हातात काहीच नव्हतं.

चांगो एकटाच भट्टीवर परतलाय. जोडी नाही म्हणून आता पडेल ते काम.

तुळशी म्हणाली, "ताय, आता आयतवारी गोली नको ना घ्याला?"

नाही गं. आता कधीच नको.

"मंजे कायमचं ढकललं." ती हसायला बघत होती, पण हसताना टाके दुखले. मग तोंड भिंतीकडे केलं आणि तशीच राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. पुढे ढकलायचं होतं तिला. एवढंच मागायला आली होती ती. मी तिचं सगळंच संपवून टाकलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नोकरी सोडावी का? राजरत्न म्हणतो, सोड. सासूबाई म्हणतात, "तू सोडलीस तर तिथे न विचारणारी कुणी येईल." दोघांचंही बरोबर आहे. चूक माझ्या एकटीच्या हातून झाली, एकदाच झाली. यापुढे माझ्या काउंटरवर होणार नाही. एवढं तरी धरून राहते. दुसरं काय आहे हातात?

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज दोन बायका आल्या. वांगणीकडच्या, तुळशीच्या पाड्यापासून पार लांबच्या, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या होत्या, त्या बाहेर टेकवून ठेवल्या. "आयतवारची गोली द्या." मी पाळीवालीचं पाकीट पुढे धरलं. ही? "हीच. आमच्याकडं समद्याच घेतात. पाली थांबते, पोर व्हत नाय." मी म्हटलं, तुम्हाला तुळशीने सांगितलं का?

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"कोन तुळशी?"